शेरवाल्या सिक्क्याची कड

आमच्या शाळेत डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पत्र्याचा एक डबा फिरायचा. डब्याला वर नाणं टाकायची फट होती आणि पोटाला लाखेचं सील. दहा पैसे टाकले की गुरुजी सदऱ्यावर एक कागदी झेंडा टाचणीनं लावून द्यायचे. तीन पट्ट्यांचा झेंडा : लाल, गडद निळा आणि फिकट निळा. भूदल, नौदल आणि हवाईदल. तो झेंडा लावून आम्ही दिवसभर छाती काढून फिरायचो.

मी एकदा गुरुजींना विचारलं, "हे पैसे कुठं जातात?"

"सैनिकांच्या बायकामुलांना," गुरुजी म्हणाले.

आमच्या घरातच एक सैनिकाची बायको होती. माझी चाची. चाचा दुसऱ्या महायुद्धात फौजेत ड्रायव्हर होते आणि मी लहान असतानाच ते गेले. संध्याकाळी घरी जाऊन मी चाचीला झेंडा दाखवला आणि माझे दहा पैसे पोचले का म्हणून विचारलं. ती तांदूळ निवडत होती. हसली आणि म्हणाली, "तेरे दस पैसे मेरेतक नै आए रे, बाबा. रस्ते में किसीने चाय पी होगी."

चहा कुणी प्यालेला नव्हता, हे पुढं कळलं. पैसे जिथं जायचे तिथं नीट जात होते. चाचीच तिथं पोचलेली नव्हती. मदत होती, ती देणारं कार्यालय होतं, आणि ते आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. फक्त ते आहे हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. आजचं बोलणं या अंतराविषयी आहे. हे अंतर कसं तयार झालं आणि कुणी कुणी ते कमी केलं, याला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, आणि त्यातला बराच आपल्या कोल्हापूरच्या मातीतला आहे.

पलटणीत गेलेली गावं

आपल्याकडं फौजेत जाणं ही घराण्याची रीत आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीनं तर आपल्या नावातच 'सैनिक' लावून घेतलं. सैनिक टाकळी म्हटलं की घरटी एक फौजी, असं सगळा जिल्हा म्हणतो. शेजारच्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे आहे, त्याला लोक मिलिटरी अपशिंगे म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले आणि त्यांचं स्मारक गावात उभं आहे. गडहिंग्लज, आजरा, चंदगड, कागल, भुदरगड या भागांतून पोरं पिढ्यान्‌पिढ्या बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत जात आली. कोल्हापूर संस्थानची स्वतःची राजाराम रायफल्स ही पलटण होती. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि ती पलटणही मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेली.

एक गोष्ट आता फारशी कुणाला ठाऊक नसते. पहिल्या महायुद्धापर्यंत मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्याही कंपन्या असत. म्हणजे एका पलटणीत बहुतेक कंपन्या मराठ्यांच्या आणि एकदोन आमच्या लोकांच्या. पुढं ही व्यवस्था मोडली. पण त्याआधी बसऱ्याच्या वाळूत जे पाय रुतले त्यांत पाटलाचे होते तसे मुल्लाण्याचेही होते.

बसरा आमच्या आजीच्या तोंडी 'बसरा' म्हणून यायचं नाही, 'दूर की मुलूख' म्हणून यायचं. आजचा इराक, तेव्हाचा मेसोपोटेमिया. पुण्याची सहावी डिव्हिजन तिथं लढत होती आणि तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कूत नावाच्या गावात ही फौज वेढली गेली. जवळजवळ पाच महिने वेढा पडला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीनं टेकीला येऊन सुमारे १३ हजार माणसं शरण गेली. पुढं कैदेत आणि वाळवंटातल्या पायपिटीत त्यांतले कितीतरी मेले. हिंदुस्थानातून पहिल्या महायुद्धात १३ लाखांवर माणसं गेली आणि ७० हजारांहून अधिक परत आली नाहीत.

आता इकडं गावाकडची बाजू बघा. कूतमधून पत्र येत नाही. नवरा जिवंत की मेला, कळत नाही. मेला म्हणावं तर कागद नाही, आणि जिवंत म्हणावं तर मनिऑर्डर नाही. अशा बाईनं जायचं कुणाकडं? तलाठ्याकडं गेली तर तो म्हणणार, हा सरकारी मामला आहे. सरकार म्हणजे कोण, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. आणि तिला लिहिता येत नाही.

भरतीच्या मंडळातून मदतीचं मंडळ

१९१७ साली सरकारला माणसं कमी पडू लागली तेव्हा दिल्लीत भरतीसाठी एक केंद्रीय मंडळ नेमलं गेलं. लढाई संपली, भरतीचं काम उरलं नाही. पण लाखो माणसं घरी परतत होती. कुणाचा हात गेलेला, कुणाचे डोळे, कुणी घरी आलंच नव्हतं. १९१९ मध्ये त्या भरतीच्या मंडळाच्या जागी 'इंडियन सोल्जर्स बोर्ड' आलं. सैनिक कल्याणाचं आजचं सगळं जाळं त्या बोर्डातून वाढलं आहे. स्वातंत्र्यानंतर त्याचं नाव बदललं आणि १९७५ पासून ते 'केंद्रीय सैनिक बोर्ड' झालं. त्याखाली राज्याचं मंडळ, त्याखाली जिल्ह्याचं. जिल्हा मंडळाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि रोजचा कारभार बघायला फौजेतून निवृत्त झालेला अधिकारी असतो. महाराष्ट्रात त्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय म्हणतात. तिथं 'कल्याण संघटक' नावाचं एक पद असतं. नाव जड आहे, काम मात्र साधं : माजी सैनिकाच्या घरी जाणं, अडचण विचारणं, अर्ज लिहून देणं.

ज्या मंडळाचा उगम भरतीत आहे त्याच्या हेतूविषयी कुणी शंका घेईल. साहेबाला पुढच्या लढाईसाठी माणसं हवी होती, म्हणून मागच्या लढाईतल्या माणसांची आठवण झाली, असं म्हणता येईल. त्यात तथ्य आहे. पण हेतू काहीही असो, एक गोष्ट कागदावर आली, की शिपाई घरी परतल्यावर त्याची आणि त्याच्या माघारी त्याच्या बायकोची जबाबदारी सरकारची आहे, आणि ती निभावण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यात एक दार उघडं पाहिजे. त्या दारात जायला पैसे लागत नाहीत. तेव्हाही लागत नव्हते.

पण त्या दाराशी जायला वाचता यावं लागत होतं.

इथं मला शाहू महाराजांची आठवण होते. लढाई ऐन भरात असताना, १९१७ साली, महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत करण्याचा जाहीरनामा काढला. त्याआधी, १९०६ मध्ये, मुसलमान मुलांनी शिकावं म्हणून त्यांनी पुढाकार घेऊन मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढली, स्वतः अध्यक्ष झाले आणि मुलांच्या राहण्याची सोय केली. तेच आपल्या दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग. शिक्षणाच्या इतिहासात या गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. मला त्या सैनिकांच्या इतिहासातही सांगाव्याशा वाटतात. शाळेत गेलेलं पोर गल्लीत आलं की पहिल्यांदा त्याच्याकडं पत्र वाचून घ्यायला बायका यायच्या. आमच्या आजीच्या गल्लीत बोर्डिंगमध्ये शिकलेला असाच एक मुलगा होता. फौजेतून आलेलं पत्र तो उंबऱ्यावर बसून वाचायचा आणि चार बायका पदराआड डोळे पुसत ऐकायच्या. त्याचा मोबदला म्हणजे मूठभर फुटाणे.

गावकुसाबाहेरचं एक गाव

सैनिकाच्या कुटुंबाला आसरा देण्याची गोष्ट निघाली आहे तर वळिवड्याचं नाव घेतल्याशिवाय पुढं जाता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कोल्हापूरजवळ वळिवडे इथं पोलंडच्या निर्वासितांची वसाहत उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसं, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी. रशियातल्या हद्दपारीतून सुटून ही माणसं इराणमार्गे इथं आली होती आणि त्यांतल्या कितीतरी घरांतले पुरुष पोलंडच्या फौजेतून लढत होते. वसाहतीत शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. १९४८ पर्यंत ती माणसं इथं राहिली. त्यांतली जी मुलं पुढं जगभर पांगली, ती म्हातारपणी कोल्हापूर बघायला परत येत राहिली.

परक्या देशातल्या शिपायांच्या बायकामुलांना पाच वर्षं सांभाळणारं हे गाव. त्याच गावात त्याच लढाईवर गेलेल्या आपल्या शिपायांची घरं होती, आणि लढाई संपल्यावर त्यांचं काय झालं ते आता सांगतो.

पेन्शन नसलेले शिपाई

दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानी फौजेत सुमारे २५ लाख माणसं होती. सक्तीची भरती नव्हती, सगळी आपणहून आलेली. चाचा १९४२ मध्ये भरती झाले. गाडी चालवता येत होती म्हणून त्यांना रसद पोचवणाऱ्या खात्यात घेतलं. आधी इराक, मग इटली. लढाई संपली आणि १९४६ मध्ये त्यांच्यासारख्या लाखो जणांना घरी पाठवलं.

शिपायाला पेन्शन लागायला साधारण पंधरा वर्षं नोकरी व्हावी लागते. या माणसांची नोकरी झाली चार-पाच वर्षं. त्यामुळं हातात आलं ते डिस्चार्जचं एक पुस्तक, थोडीशी रक्कम आणि टपालानं आलेली पदकं. लढाई जिंकल्याच्या आनंदात इंग्लंडमध्ये मिरवणुका निघाल्या. चाचा परत येऊन दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवू लागले आणि शेवटपर्यंत तेच करत राहिले.

अशा बिनपेन्शनच्या सैनिकांसाठी आणि त्यांच्या विधवांसाठी राज्य सरकारनं पुढं दरमहा अनुदान सुरू केलं. अर्ज करायचा, सैन्यात होतो याचा पुरावा जोडायचा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात द्यायचा. बस, एवढंच. आमच्या घरी याची खबर आली ती १९९६ साली, आणि तीही बाजारात, एका एजंटाच्या तोंडून.

मी तेव्हा बी.ए. होऊन कविता लिहीत होतो आणि एका दुकानात हिशेब लिहीत होतो. चाचीनं मला आधी विचारलं. मी कागद घेऊन बसलो आणि दोन पानांचा अर्ज लिहिला. त्यात इटलीतला बर्फ होता, चाचांच्या ट्रकचे दिवे होते, विधवेचे अश्रू होते. तो अर्ज कुठं द्यायचा हे मात्र मला माहीत नव्हतं. मी तो जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं पोस्टात टाकला. उत्तर आलं नाही, आणि कुणाला दोष द्यावा असं त्यात काही नव्हतं. अर्जात ना नंबर होता, ना खात्याचं नाव.

मग चाची त्या एजंटाकडं गेली. तो म्हणाला, सातशे रुपये लागतील, वरच्या लोकांना द्यावे लागतात. चाचीनं कानातले विकले. सातशे रुपये दिले आणि चाचांचं डिस्चार्ज पुस्तकही त्याच्या हवाली केलं, कारण तो म्हणाला, मूळ कागद लागतो. दोन महिने तो "झालं, झालं" म्हणत राहिला. तिसऱ्या महिन्यात त्याची टपरी बंद झाली. पैसे गेले, त्याचं दुःख होतंच. पण ते पुस्तक गेलं, म्हणजे चाचा फौजेत होते याचा घरातला एकुलता एक लेखी पुरावा गेला. चाची त्या रात्री जेवली नाही. मला एवढंच म्हणाली, "तू लिखा-पढा है ना? तेरेकू बी मालूम नै था?"

या प्रश्नाचं उत्तर मी अजून शोधतो आहे.

"कविता छान आहे, नंबर कुठाय?"

भाऊसिंगजी रोडवर जुन्या कोर्टाच्या आवारात तेव्हा अर्ज लिहून देणारे बसत. मी त्यांतल्या एका म्हाताऱ्याकडं गेलो. त्यानं माझी गोष्ट ऐकली आणि लेखणी खाली ठेवली. म्हणाला, "माझ्याकडनं लिहून घेतलंस तर वीस रुपये घेईन. पण हे काम फुकट होतं. सैनिक कल्याणच्या ऑफिसात जा."

दुसऱ्या दिवशी चाचीला घेऊन गेलो. बाहेर व्हरांड्यात एक निवृत्त सुभेदार बसले होते. ते तिथं नोकरीला नव्हते. गावाकडून आलेल्यांना फॉर्म भरून द्यायला आपणहून येऊन बसत. मी माझ्या जुन्या अर्जाची नक्कल त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचली आणि म्हणाले, "कविता छान आहे. नंबर कुठाय?"

"पुस्तक हरवलं," मी म्हणालो.

"पुस्तक हरवलं तर हरवलं. पदक आहे का?"

चाचीला प्रश्न कळला नाही. मी समजावलं तेव्हा ती म्हणाली, "वो शेरवाला सिक्का? है ना. संदूक में है."

शेरवाला सिक्का म्हणजे १९३९-४५ चं वॉर मेडल. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला एका राक्षसी प्राण्यावर पाय देऊन उभा असलेला सिंह. लहानपणी आम्ही पोरं ते जमिनीवर गरगर फिरवून खेळलो होतो. शेकडो वेळा ते माझ्या हातात आलं होतं. सुभेदारसाहेबांनी दुसऱ्या दिवशी ते हातात घेतलं, सिंहाकडं बघितलंही नाही, कड उजेडात धरली आणि बोटानं हळूहळू फिरवू लागले. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली होती. आधी नंबर, मग हुद्दा, मग चाचांचं नाव, मग खातं. नावाच्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं होतं. त्या लढाईतली इंग्लंडातल्या शिपायांची पदकं बहुतेक बिननावाची होती. हिंदुस्थानी शिपायांच्या पदकांवर मात्र नावं-नंबर कोरले गेले होते. ज्या कागदासाठी चाचीनं कानातले विकले, त्यातली सगळी माहिती पन्नास वर्षं घरातल्या संदुकीत पडून होती.

त्या नंबरावर कार्यालयानं रेकॉर्ड ऑफिसला पत्र धाडलं. सहा-सात महिने लागले. सेवेचा दाखला आला, त्यावरची जन्मतारीख आणि नावाची चूक दुरुस्त करायला एक प्रतिज्ञापत्र लागलं, तेही सुभेदारसाहेबांनीच सांगितल्याप्रमाणं केलं. आणि एके दिवशी चाचीच्या बँकेच्या पुस्तकात पहिली रक्कम जमा झाली. रक्कम फार मोठी नव्हती. मागच्या वर्षांचं काही मिळालं नाही. ती वर्षं गेली ती गेलीच. पण चाची पुढं नऊ वर्षं जगली आणि त्या नऊ वर्षांत औषधासाठी तिनं कुणापुढं हात पसरला नाही. पहिल्या रकमेतून तिनं मला दहा पैसे परत करायला काढले. दहा पैशांचं नाणं बाजारात मिळेनासं झालं होतं, म्हणून रुपया दिला.

सुभेदारसाहेबांसाठी मी पेढे घेऊन गेलो. त्यांनी एक घेतला आणि पुडा व्हरांड्यातल्या बाकावर बसलेल्या लोकांत फिरवायला सांगितला.

आज दार कुठं आहे?

मधल्या काळात पुष्कळ बदललं. २००२ मध्ये राज्यात माजी सैनिक महामंडळ, म्हणजे मेस्को, आलं. २००३ पासून माजी सैनिकांसाठी ईसीएचएस ही आरोग्य योजना सुरू झाली. २००४ मध्ये केंद्रात माजी सैनिक कल्याणाचा स्वतंत्र विभाग झाला. पेन्शनच्या तंट्यांसाठी २००७ मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा झाला, आणि आपल्या भागासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. 'एक पद, एक पेन्शन'चा आदेश नोव्हेंबर २०१५ मध्ये निघाला आणि १ जुलै २०१४ पासून लागू झाला. २०२० मध्ये राज्यानं माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या घराची घरपट्टी माफ करण्याची योजना आणली. पासष्ट वर्षांवरच्या, पेन्शन नसलेल्या गरजू माजी सैनिकांना आणि विधवांना केंद्रीय सैनिक बोर्डाकडून मिळणारी मदत १ नोव्हेंबर २०२५ पासून दरमहा चार हजारांवरून आठ हजार रुपये झाली. त्याच वेळी मुलांच्या शिक्षणासाठीची मदत दरमहा एक हजाराची दोन हजार झाली आणि लग्नासाठीची पन्नास हजारांची एक लाख.

पेन्शनचा हिशेब आता 'स्पर्श' नावाच्या संगणकीय व्यवस्थेतून प्रयागराजहून होतो. हयातीचा दाखला वर्षातून एकदा अंगठ्याच्या ठशानं किंवा चेहरा दाखवून देता येतो. ज्याला मोबाइल जमतो त्याच्यासाठी ही मोठी सोय आहे. पण ऐंशी वर्षांच्या आजीचा ठसा यंत्रावर उमटत नाही, तिचं नाव आधारवर एक, पेन्शनच्या कागदावर दुसरं आणि बँकेत तिसरं असतं. नवरा नोकरीत असताना तिचं नाव 'पार्ट टू ऑर्डर'नं नीट नोंदवलेलंच नसतं. दाखला वेळेवर गेला नाही की पेन्शन थांबते. आणि पेन्शन थांबली की गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी उभा असतोच, "मावशी, करून देतो, एवढे एवढे लागतील" म्हणणारा. १९९६ मध्ये त्याच्याकडं टपरी होती, आता लॅपटॉप आहे.

म्हणून काही गोष्टी स्पष्ट सांगतो. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सल्ला घ्यायला आणि अर्ज करायला मध्यस्थ लागत नाही. मूळ कागद कुणाच्याही हवाली करू नये. नक्कल द्यावी, मूळ फक्त दाखवावा. कागद हरवला असेल तर पदकाची कड बघावी, जुनी मनिऑर्डरची पावती, पत्राचं पाकीट, फौजी पत्ता असलेला कसलाही कागद शोधावा. एक नंबर सापडला की रेकॉर्ड ऑफिसचं दार उघडतं. ओटीपी हा किल्लीसारखा असतो, तो फोनवर मागणाऱ्याला देऊ नये. आणि प्रकरण कोर्टात न्यायची वेळ आलीच तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. अपंग व्यक्तीलाही तो आहे. म्हणजे सैनिकाची विधवा आणि लढाईत पाय गमावलेला जवान, दोघांनाही वकिलाच्या फीसाठी कानातले विकायची गरज नाही. त्यासाठी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडं जायचं. जुलै २०२५ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं सैनिकांच्या कुटुंबांसाठी 'वीर परिवार सहायता योजना' काढली, तिच्यात सैनिक मंडळांच्या कार्यालयांतच कायदेविषयक मदतीची केंद्रं ठेवण्याची तरतूद आहे.

हे सगळं कायद्यात आहे, परिपत्रकात आहे. पण परिपत्रक चालत घरी येत नाही. शंभर वर्षांपूर्वी ते उंबऱ्यावर बसून पत्र वाचणाऱ्या पोरानं आणलं, १९९६ मध्ये वीस रुपयांवर पाणी सोडणाऱ्या अर्जनवीस म्हाताऱ्यानं आणि व्हरांड्यातल्या सुभेदारांनी आणलं. सरकारी दार आणि बाईचा उंबरा यांच्यामधला रस्ता प्रत्येक वेळी कुणीतरी आपलं काम बाजूला ठेवून चालला आहे.

माझ्याकडून तेवढं मोठं काम झालेलं नाही. पण गेली काही वर्षं आमच्या गल्लीत कुणाचा असा कागद आला की तो माझ्याकडं येतो. मी कविता लिहितो हे लोकांना ठाऊक आहे, म्हणून काही जण सुरुवातीला भीतभीतच येतात. मी त्यांना आधी नंबर विचारतो. तुमच्या ओळखीत, शेजारात, गावाकडं असं एखादं घर असेलच. फौजेत गेलेला माणूस आता नसेल, भिंतीवर फोटो असेल, संदुकीत पदक असेल. एखाद्या रविवारी जा, पदक बघायला मागा, आणि सिंहाकडं बघून झालं की त्याची कड उजेडात धरून वाचा.

चाचीचं पदक माझ्याकडं आहे. माझा नातू ते जमिनीवर फिरवतो. मी त्याला फिरवू देतो, आणि मग कडेवरचं चाचांचं नाव एकदा मोठ्यानं वाचायला लावतो, चुकलेल्या अक्षरासकट.